गडी तयार झाला, हे ठरवायचं कुणी?

नव्वदच्या दशकात आमच्या वर्गात चॅम्पियन कोण, हे ठरवायला अर्धं मिनिट पुरायचं. दप्तरातून डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीची ट्रम्प कार्डं निघायची. त्यांवर उंची, वजन, छाती, बायसेप्स, लढलेल्या आणि जिंकलेल्या लढतींचे आकडे आणि सगळ्यांत महत्त्वाची ती रँक. ज्याचा आकडा भारी, त्याने समोरच्याचं कार्ड ओढून घ्यायचं. 'वेट' म्हणून कुणी योकोझुना टाकला की पुढचा मुलगा निमूट आपलं कार्ड देऊन मोकळा व्हायचा. रँक एक म्हणजे चॅम्पियन, आणि चॅम्पियन म्हणजे सगळ्यांत ताकदवान. यात शंका घेण्यासारखं काही आहे, असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

शंका घेतली ती मामाने. मामा सांगली जिल्ह्यातल्या एका तालमीत वाढलेला. गुडघा गेल्यावर त्याचं मातीत उतरणं थांबलं, तरी जत्रेतल्या मैदानाला गेल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सुट्टीत आमच्याकडे आला की केबलवरची ही कुस्ती आमच्यासोबत बघायचा आणि नुसता हसायचा. "आरं, ह्यो पडतोय कशाला? त्येला कुणी पाडलंच न्हाई की!" पण 1995च्या दिवाळीत त्याचं हसू थांबलं. त्या वर्षी चॅम्पियनचा बेल्ट डीझलकडे, म्हणजे केविन नॅशकडे होता. जवळजवळ सात फुटांचा गडी. ब्रेट हार्ट मात्र कार्यक्रमाच्या मधल्या भागात कुणाकुणाशी झुंजत होता. त्यांत दंतवैद्याचं सोंग घेतलेला एक जणही होता. मामाने थोडा वेळ ब्रेटकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, "ह्यो गुलाबी कपड्यातला गडी त्या लंबूपरीस तयारीचा हाय. मग पट्टा त्या लंबूकडं का?"

हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा सुचलेलं उत्तर आहे. उशीर झाला, कारण 'तयार' या शब्दापाशीच मी बरीच वर्षं अडकून राहिलो.

तालमीत गडी तयार झाला म्हणजे काय झालं, हे सांगता येतं. अंग भरलं, दम वाढला, दोन-चार डाव असे बसले की समोरच्याला आधी कळूनही टाळता येत नाहीत. वस्ताद पोराला वर्षानुवर्षं मोठ्या मैदानापासून लांब ठेवतो, "अजून भरला न्हाई" म्हणतो, आणि एक दिवस तोलामोलाची जोड कबूल करतो. त्याचा अंदाज चुकला तर ते मातीवरच दिसतं. पाठ टेकली की टेकली. पण ज्या कुस्तीत कोण जिंकणार हे आदल्या आठवड्यातच ठरलेलं असतं, तिथे 'तयार' कशाला म्हणायचं? तिथे कुणालाही जिंकवता येतं. आणि तरीही त्या धंद्यातली माणसं हाच प्रश्न आपल्या वस्तादांइतक्याच काळजीने विचारतात, कारण चुकीचं उत्तर दिलं तर त्यांची थिएटरं ओस पडतात.

निकाल आधी ठरलेला असतो म्हणून हा प्रकार खोटा, असं म्हणून जे हे पुस्तक बाजूला ठेवतील, त्यांना मी एकदा कोकणात दशावतार बघायला या म्हणेन. राक्षस मरणार हे तिथे जमलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. संवाद मात्र लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतात, आणि लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. प्रोफेशनल रेसलिंग याच जातीचं आहे. शेवट ठरलेला, मधलं बरंचसं रिंगमध्येच कुजबुजत जुळवलेलं. पडणं मात्र खरं. फळ्यांवर अंथरलेल्या पातळ गादीवर रात्रीमागून रात्र आपटून घेतलं की ठरवून पडलो का न ठरवता, हा फरक मणक्याला कळत नाही. कोण जिंकणार हे ठरवणाऱ्याला तिथे 'बुकर' म्हणतात, लोकांच्या लाडक्याला 'बेबीफेस', खलनायकाला 'हील'. एखाद्याला वर चढवायचं ठरलं की त्याला 'पुश' मिळाला म्हणतात. पुश मिळणं आणि बेल्ट मिळणं यांच्यामध्ये जे अंतर असतं, तेवढाच या पुस्तकाचा विषय.

या बेल्टला एके काळी खऱ्या ताकदीचं कुंपण लागत असे. ते का लागे, हे एका फजितीवरून कळतं. 1925 साली अमेरिकेतला चॅम्पियन होता एड 'स्ट्रँगलर' लुईस. त्याला आणि त्याच्या साथीदारांना वाटलं, नेब्रास्का विद्यापीठाचा माजी फुटबॉलपटू वेन मन याला चॅम्पियन केलं तर गर्दी लोटेल. मन धिप्पाड होता, देखणा होता, कुस्ती त्याला बेताचीच येत होती. पण समोरचा ठरवून हरणारच असेल तर ती यायला कशाला हवी? 8 जानेवारीला कॅन्सस सिटीत लुईस ठरल्याप्रमाणे हरला. 15 एप्रिलला फिलाडेल्फियात स्टॅनिस्लॉस झिबिस्कोनेही ठरल्याप्रमाणे हरायचं होतं. तो हरला नाही. पंचेचाळिशीच्या त्या पोलिश मल्लाने मनला खरोखरची कुस्ती दाखवली आणि त्याला असं पाडलं की पंचाला निकाल देण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. दीडेक महिन्यात तो किताब प्रतिस्पर्धी गटाच्या जो स्टेकरकडे गेलाही.

आपल्या वाचकांना झिबिस्को वेगळ्या कारणाने माहीत असेल. 1910 साली लंडनमध्ये गामा पैलवानाने ज्याला जवळजवळ तीन तास मॅटवर पालथं पडून राहायला लावलं आणि 1928 साली पतियाळ्यात मिनिटाच्या आत चीत केलं, तोच हा. मामाला मी ही मनची गोष्ट सांगितली तेव्हा त्याला झिबिस्कोचा दगा मुळीच दगा वाटला नाही. "ज्येला कुस्ती येत न्हाई त्येच्याकडं पट्टा ठेवायचाच कशाला?" पुढची काही दशकं प्रमोटर मंडळींचंही असंच मत होतं. लू थेझसारखा, ज्याला खरं लढून स्वतःला वाचवता येतं, असा चॅम्पियन त्यांना सुरक्षित वाटायचा. दारासिंगने 1968 साली मुंबईत हरवलं म्हणून आपल्याकडे अजून ज्याचं नाव निघतं, तो हा थेझ.

टीव्ही आला आणि ते कुंपण हळूहळू गळून पडलं. मग बेल्टची राखण प्रेक्षकांकडे आली. ब्रूनो सॅमार्टिनोने 17 मे 1963 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बडी रॉजर्सला 48 सेकंदांत हरवलं आणि बेल्ट साडेसात वर्षांहून जास्त काळ स्वतःकडे ठेवला. 18 जानेवारी 1971 रोजी इव्हान कोलॉफने त्याला हरवलं तेव्हा गार्डनमध्ये इतकी शांतता पसरली की सॅमार्टिनोला वाटलं, आपल्या कानालाच काही झालं. दंगल होईल या भीतीने कोलॉफला रिंगमध्ये बेल्ट दिलाही नाही. तीन आठवड्यांनी पेड्रो मोरालेसने तो कोलॉफकडून घेतला. मोरालेस हा न्यूयॉर्कमधल्या पोर्टो रिकन लोकांचा लाडका. दोन लाडके एकमेकांशी लढवायचे नव्हते, म्हणून मध्ये एक हील घातला. कोलॉफ तयार होता का? तीन आठवड्यांच्या पुलासाठी तर होताच. तयारीचं मोजमाप कामावर अवलंबून असतं, हे मला पहिल्यांदा या लढतीवरून कळलं.

आता मामाच्या लंबूकडे येऊ. डीझलला बेल्ट उगाच मिळाला नव्हता. शॉन मायकल्सचा तो अबोल अंगरक्षक 1994च्या रॉयल रंबलमध्ये एकामागून एक सात जणांना बाहेर फेकतो आणि लोक त्याच्या नावाचा गजर करू लागतात, हे कंपनीने ऐकलं होतं. 26 नोव्हेंबर 1994 रोजी त्याने गार्डनमध्ये बॉब बॅकलंडला आठ सेकंदांत हरवलं. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी. लोकांना आवडला होता तो थंड डोक्याचा, कुणाची पर्वा न करणारा गुंड. बेल्ट कमरेला बांधताच त्याचा हसतमुख, हात मिळवत फिरणारा सज्जन करून टाकला. ज्या गुणावर बेल्ट मिळाला तोच गुण बेल्ट देताना काढून घेतला. 358 दिवस हे चाललं, धंदा मंदावला, आणि खापर फुटलं नॅशच्या डोक्यावर. मामा ज्याला तयारीचा म्हणाला होता त्या ब्रेटकडे नोव्हेंबर 1995 मध्ये बेल्ट परत आला. गंमत म्हणजे याच ब्रेटला पहिला बेल्ट 1992 साली कॅनडातल्या सास्काटूनमध्ये मिळाला, तो टीव्हीवर थेट न दाखवलेल्या लढतीत! इतक्या तयार माणसाचा इतका गुपचूप राज्याभिषेक मला दुसरा माहीत नाही.

मग योग्य वेळ कोणती? माझ्या मते, लोकांच्या मनात एखादा प्रश्न असा तयार व्हावा लागतो की त्याचं उत्तर बेल्टशिवाय दुसऱ्या कशानेच देता येऊ नये. गडी वर्षभर आधीच तयार झालेला असेल. प्रश्न तयार झालेला नसेल तर थांबावं. हे मी शिकलो स्टीव्ह ऑस्टिनच्या बाबतीत, म्हणून पुस्तकात त्याला सगळ्यांत जास्त पानं दिली आहेत. इथेही थोडं सांगतो.

जून 1996 मध्ये ऑस्टिन 'किंग ऑफ द रिंग' जिंकला, त्याच रात्री आधीच्या लढतीत फुटलेल्या ओठाला टाके घालून. जिंकल्यावर त्याने माइकवर जे बोलून दाखवलं, त्यातलं '3:16' पुढे लाखो काळ्या टी-शर्टांवर छापलं गेलं. तो तेव्हाही हीलच होता. 23 मार्च 1997 रोजी शिकागोजवळ रेसलमेनिया 13 मध्ये ब्रेट हार्टने त्याला शार्पशूटर या डावात अडकवलं. कपाळातून रक्त वाहत होतं, दात दिसत होते, पण त्याने हार मानली नाही; शुद्ध हरपली तेव्हाच लढत थांबली. लढत सुरू झाली तेव्हा ब्रेट लाडका होता आणि ऑस्टिन दुष्ट. संपली तेव्हा लोकांनी आपली बाजू बदललेली होती. ती लढत बेल्टसाठी नव्हती. त्या रात्री बेल्टची लढत अंडरटेकर आणि सिड यांच्यात झाली, आणि आज ती क्वचितच कुणाला आठवते.

दुसऱ्याच महिन्यात ऑस्टिनला बेल्ट दिला असता तर? गडी तयार होता, लोक तयार होते. माझा मित्रपरिवार या मुद्द्यावर दोन गटांत वाटलेला आहे आणि मी 'बरं झालं नाही दिला' या गटात आहे. कारण तोपर्यंत त्याचा शत्रू पक्का झाला नव्हता. मग ऑगस्टमध्ये ओवेन हार्टचा पाइलड्रायव्हर हा डाव चुकला, ऑस्टिनच्या मानेला इजा झाली, काही क्षण त्याचं अंग बधिर पडलं. कुठल्याही बुकरने असं ठरवलं नसतं. पण लढता न येणारा ऑस्टिन महिनोन् महिने आपल्या मालकांशी, अधिकाऱ्यांशी, दिसेल त्याच्याशी भांडत राहिला. नोव्हेंबरमध्ये माँट्रियालमध्ये ब्रेटला फसवून बेल्ट काढून घेतला गेला आणि पडद्यामागचा मालक विन्स मॅकमहन सगळ्यांसमोर खलनायक झाला. आता प्रश्न पुरा झाला: ज्या कंपनीला हा माणूस चॅम्पियन म्हणून नको आहे, त्या कंपनीचा बेल्ट त्याच्या कमरेला दिसेल का? 29 मार्च 1998 रोजी बॉस्टनमध्ये माइक टायसनने तीन आकडे मोजले आणि उत्तर मिळालं. पुढच्याच महिन्यात, 13 एप्रिलला, सलग 83 आठवडे मागे पडलेल्या कंपनीच्या सोमवारच्या कार्यक्रमाने प्रतिस्पर्ध्याला मागे टाकलं. त्या रात्रीचं आकर्षण होतं ऑस्टिन विरुद्ध मॅकमहन. बेल्ट मिळाल्यावर पाठलाग संपतो आणि लोकांचा रस ओसरतो, हे अनेकांचं होतं. ऑस्टिनचं झालं नाही, कारण बेल्ट मिळाल्यावर भांडण वाढलं.

पण थांबावं, थांबावं असं म्हणताना एक अडचण होते, तिचं नाव काझुचिका ओकाडा. जानेवारी 2012 मध्ये तो अमेरिकेतून जपानला परतला तेव्हा टोकियोच्या प्रेक्षकांनी त्याचं स्वागत थंडपणे केलं. महिनाभराने, 12 फेब्रुवारीला ओसाकात, या चोवीस वर्षांच्या पोराने हिरोशी तानाहाशीला हरवून न्यू जपान या कंपनीचा मुख्य किताब घेतला. मी वर जे लिहिलं त्याच्या हे बरोबर उलटं आहे. कुणी मागितलं नव्हतं, प्रश्नही पडलेला नव्हता. चॅम्पियन आधी झाला आणि लायकी मागाहून सिद्ध केली, तीही इतकी की पुढचं दशक त्याच्याभोवती फिरलं. ते जमलं याला कारण तानाहाशी. बेल्ट घेणाऱ्याइतकाच तो सोडणाराही तयार असावा लागतो. आणि त्याच कंपनीत, रीतसर पायऱ्या चढून आलेल्या तेत्सुया नाइतोला 4 जानेवारी 2014 रोजी टोकियो डोममध्ये काय मिळालं? प्रेक्षकांनी मतदान करून त्याची किताबाची लढत शेवटच्या क्रमांकावरून खाली ढकलली. अपमान झालेला नाइतो मेक्सिकोला गेला, बेल्टला लाथाडणारा बेफिकीर माणूस होऊन परतला, आणि मगच लोकांना तो बेल्टसह हवासा झाला.

भारतीय वाचक इथपर्यंत येऊन नक्की विचारतील, जिंदर महलचं काय? आधी खलीबद्दल दोन शब्द. 2007 साली एजला दुखापत झाली, बेल्ट रिकामा पडला, वीस जणांच्या बॅटल रॉयलमध्ये खली जिंकला आणि दोन महिन्यांत बॅटिस्टाकडे हरला. ती निकड होती, आणि ती तशीच वाटली. महलचं प्रकरण अवघड आहे. कॅनडातल्या कॅलगरीत जन्मलेला हा पंजाबी मुलगा. त्याचा काका गामा सिंग या नावाने तिथल्या रिंगमध्ये लढायचा, म्हणजे थोरल्या गामाचं नाव त्या घरातही पोचलं होतं. 2014 साली कंपनीने त्याला काढलं, 2016 साली परत घेतलं, ते हरण्यासाठीच. एप्रिल 2017 मध्ये तो अचानक सहा जणांच्या लढतीत जिंकून दावेदार झाला आणि 21 मे रोजी रँडी ऑर्टनला हरवून चॅम्पियन. काल हरणारा आज शिखरावर. कंपनीची नजर भारताच्या बाजारावर होती, हे उघड होतं.

त्याच्यावर तेव्हा झालेली बरीचशी टीका मला अन्यायाची वाटते. त्याने शरीर असं कमावलं होतं की पूर्वीचे फोटो वेगळ्या माणसाचे वाटावेत. बोलायलाही तो घाबरला नाही. पण त्याला दिलेलं काम विचित्र होतं. अमेरिकेत त्याला परकेपणाबद्दल शिव्या खायच्या होत्या आणि भारतात त्याच परकेपणाबद्दल टाळ्या मिळवायच्या होत्या. दोन्हीकडचं मिळून जे झालं त्यात प्रश्न कुठेच नव्हता, नुसता हिशेब होता. 7 नोव्हेंबरला मँचेस्टरमध्ये एजे स्टाइल्सने त्याच्याकडून बेल्ट घेतला. आणि महिनाभराने कंपनी दिल्लीत आली तेव्हा, ज्या प्रेक्षकांसाठी हा सारा खटाटोप केला त्यांच्यासमोर महल बेल्टविना उतरला आणि ट्रिपल एचकडून हरला. शेवटी दोघे भांगडा नाचले. त्या भांगड्याबद्दल मी एक आख्खं प्रकरण लिहिलं आहे. ज्यांना ते जास्त वाटेल त्यांनी ते खुशाल ओलांडावं.

पुस्तकाची प्रकरणं तारखेच्या क्रमाने लावलेली नाहीत. वेळेआधी, वेळेवर, वेळ टळल्यावर असे तीन ढीग केले आणि प्रत्येक मल्ल कुठल्या ढिगात जातो यावर स्वतःशीच भांडलो. लेक्स लूगर सोपा होता: 1993 साली त्याच्यासाठी देशभर बस फिरवली आणि ऐन वेळी बेल्टच दिला नाही, लोकांनीही मग त्याचा नाद सोडला. कोफी किंग्स्टनवर अडलो. पदार्पणानंतर अकरा वर्षांनी, एप्रिल 2019 मध्ये, त्याला बेल्ट मिळाला तेव्हा मी रडलो, हे कबूल करतो. ऑक्टोबरमध्ये ब्रॉक लेस्नरने तो काही सेकंदांत हिसकावला तेव्हा टीव्ही बंद केला. हा वेळेवर की वेळ टळल्यावर? हस्तलिखितात तो तीनदा या ढिगातून त्या ढिगात गेला.

कोडी ऱ्होड्सबद्दल तर घरातच एकमत नाही. एप्रिल 2023 मध्ये तो जिंकणार असं सगळे धरून चालले होते. रोमन रेन्सने त्याला हरवलं. बरोबर वर्षाने फिलाडेल्फियात, 1316 दिवस चॅम्पियन राहिलेल्या रेन्सकडून त्याने बेल्ट घेतला. आपल्याकडे तेव्हा 8 एप्रिलची, पाडव्याच्या आदल्या दिवशीची सकाळ होती. भाचा अंघोळ न करता टीव्हीसमोर बसला होता, ताई स्वयंपाकघरातून ओरडत होती, मी व्हिडिओ कॉलवर होतो.

"मामा, हे मागच्याच वर्षी केलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, वर्षभर थांबल्यामुळेच तर आज असा आवाज झाला.

"पण तो मागच्या वर्षी पण एवढाच भारी होता ना?"

मी ऑस्टिनचं उदाहरण द्यायला लागलो, तर म्हणाला, ऑस्टिन कोण? तेवढ्यात खाली शाळेची बस आली आणि ताईने फोन ठेवून दिला.